डोमाजीकाकांची भिंत

डोमाजीकाका मांजराच्या मागे चालत जेवायला येतात.

यात अतिशयोक्ती काडीचीही नाही. पुढे शेपटी ताठ केलेला, एका कानाचा बोका आणि मागे थोडं अंतर राखून खाकी सदऱ्यातले डोमाजीकाका, अशी ती वरात आमच्या गल्लीतून निघते. बोका ज्या दाराशी थांबून ओरडतो, त्याच दाराशी काका थांबतात. खिशातून तिकिटांना भोक पाडायचा जुना चिमटा काढतात, चौकटीवर टिक-टिक वाजवतात आणि आत डोकावून विचारतात, "बोला, कोन बाकी हाये?"

बाकी कोणीच नसतं. घरच्यांची पानं वाढलेली असतात, मासळी नुकतीच चुलीवरून उतरलेली असते आणि बाकी असतात ते डोमाजीकाका आणि बोका.

काकांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. साकोली ते पवनी या पट्ट्यातला एकही खड्डा असा नाही, ज्याच्यावरून ते उडालेले नाहीत. चिमट्यांचा जमाना संपून तिकिटांची मशीन आली, तेव्हा निकामी झालेला चिमटा त्यांनी जवळ ठेवून घेतला आणि आता तो ते डोअरबेल म्हणून वापरतात. बोक्याचं नाव त्यांनी कंट्रोलर ठेवलंय. दिवसभर झोपतो, उठला की ओरडतो, आणि स्टँडवरच्या कंट्रोलरसारखंच त्याच्याशिवाय आपली गाडी सुटत नाही, असं त्यामागचं काकांचं स्पष्टीकरण.

कौशीकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. ताप दोघांनाही आला होता. काका भंडाऱ्याच्या दवाखान्यातून परत आले, काकू आल्या नाहीत. मुलगी नागपूरला असते. ती फोनवर रोज "बाबा, जेवले का?" विचारते आणि काका रोज "जेवलो ना" म्हणतात. कोणाच्या घरी ते तिने विचारलेलं नाही.

बरं, माणूस फुकट जेवतो म्हणावं तर तेही सुखाने जेवत नाही. पहिला घास तोंडात टाकतो, चावतो, गिळायच्या आधी थांबतो आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतो. "कसं लागते?"

"चांगलं लागतं, काका."

"चांगलं म्हंजे काय गा? आंबट का तिखट? आंदी काय येते, मांगून काय येते? मातीवानी लागते का?"

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्मही भरून देतो. दिवसभर लोकांना नाव काय, वडिलांचं नाव काय, अंगठा नीट दाबा, असं ओरडून माझा घसा बसलेला असतो. घरी येऊन निवांत दोन घास खावेत, तर समोर बसून कोणीतरी माझाच फॉर्म भरून घेणार! त्यात काकांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. पळणार कुठे?

मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, तुम्हीही तेच खाताय ना? मग मला काय विचारता?"

"माह्या तोंडाचं सोड," काका म्हणाले. "तुह्या मते सांग."

हे "मते" प्रकरण समजून घ्यायला हवं. "कोनाच्या मते?" हा काकांचा आवडता प्रश्न. त्याची मुळं म्हणे एसटीत आहेत. एखादी सून सासऱ्याला गाडीत चढवून "याइले लाखांदूरले उतरवून द्या" म्हणाली, तरी काका सासऱ्यापाशी जाऊन विचारायचे, "आजोबा, तुमाले कुठं उतरायचं हाये?" ज्याला उतरायचं त्याने स्वतः सांगितल्याशिवाय तिकीट फाडायचं नाही, हा त्यांचा धर्म. पुढे तो वाढत वाढत सगळ्या सृष्टीला लागू झाला. चौकात कोणी म्हणालं, यंदा थंडी फार आहे, की काकांनी चिमटा वाजवलाच.

"कोनाच्या मते?"

"माह्या मते."

"हे एका मानसाची थंडी झाली. बाकीच्याइले विचारलं का?"

एका लग्नात नवरदेवाचा बाप कौतुकाने म्हणाला, सूनबाई लाखात एक आहे. काका म्हणाले, "कोनाच्या मते?" त्या पंगतीतून त्यांना बुंदी यायच्या आधी उठावं लागलं.

तर असा हा माणूस मागच्या वर्षी ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसला होता आणि उपसरपंच भाऊराव मोबाइलवर चित्र दाखवत होते. आमच्या गावाच्या तलावाचं सौंदर्यीकरण मंजूर व्हायच्या बेतात होतं. चारी बाजूंनी सिमेंटची भिंत, वरून पेवर ब्लॉक, मध्यभागी कारंजं आणि काठावर फोटो काढायला एक मोठं लाल बदाम. चित्रात त्या बदामात एक गोरं जोडपं उभं होतं. ते कोणाचे पाहुणे हे कोणालाच सांगता येईना.

ढिवर, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातली पारबताबाई उभी राहिली. नवरा गेल्यापासून ती स्वतः जाळं टाकते आणि मासळी विकते. "भिंत बांधली तं आमी जाळं कुठून टाकाव, भाऊ?"

भाऊराव हसून म्हणाले, "मावशी, त्या तलावाची मासळी आता खाते कोन? मातीवानी लागते. संपला तो तलाव."

टिक-टिक.

"कोनाच्या मते?"

"सगळ्याइच्या मते, काका."

"सगळे म्हंजे कोन कोन? विचारलं का?"

सभा हसायला लागली. भाऊराव म्हणाले, "तं मंग तुमीच विचारून घ्या ना घरोघरी. पुढच्या ग्रामसभेत सांगजा. तवाच ठराव घेऊ." हे ते गमतीने म्हणाले. पण कंडक्टरला गमतीने कोणी "चला" म्हटलं, तरी तो घंटी वाजवतो. काकांनी दुसऱ्या दिवसापासून गावाच्या जिभेचा अभ्यास सुरू केला. तलाव खरंच संपला की नाही, हे आता गावातल्या जेवणावळीत ठरणार होतं आणि तेही पुढच्या ग्रामसभेच्या आत.

पद्धत साधी होती, म्हणजे काकांच्या मते. आमच्या तलावाला दोन तऱ्हेचे काठ आहेत. गावाकडच्या काठावर बेशरमची झुडपं माजलेली, पाण्याला हिरवट वास. जंगलाकडचा काठ उथळ. पाणी हटलं की तिथे गवत येतं, देवधान, म्हणजे रानभात, उगवतो, गुरं उतरतात आणि बारके मासे अंडी घालायला येतात. पारबताबाईने कोणत्या काठाला जाळं टाकलं ते कळावं म्हणून काका माशाच्या शेपटीला दोरा बांधणार. गावाकडचा मासा लाल दोरा, जंगलाकडचा पांढरा. मग तो मासा ज्या घरी जाईल त्या घरी काका जाणार आणि चव विचारणार. घर शोधायचं काम कंट्रोलरचं.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. पारबताबाई उरलेली मासळी सानगडीच्या बाजारात घेऊन गेली. तिथे एका बाईने घरी जाऊन पिशवी उघडली, तर दाडकच्या शेपटीला लाल दोरा! दाडक म्हणजे हातभर सुद्धा नाही असा साधा गावठी मासा, त्याला कोणी दोरा कशाला बांधेल? नवसाशिवाय नाहीच. कोणाचा तरी नवस आपल्या कढईत जायचा, या धास्तीने तिने माशाला हळदकुंकू लावलं, रिक्षा केली, आमच्या गावी आली आणि हात जोडून तो तलावात सोडला.

मासा मेलेलाच होता. त्यामुळे तो बुडला नाही, तरंगला.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नारळ घेऊन माणसं. देवाचा मासा पाण्यावर आलाय, हळदकुंकवासकट! काका पाळीवर उभे राहून चिमटा वाजवत ओरडत होते, "देव नाई गा, अभ्यास होय! अभ्यास होय तो!" गर्दीतून कोणीतरी विचारलं, "कोनाच्या मते?" काकांनी चिमटा खिशात टाकला.

त्यानंतर दोऱ्याचा मासा गावाबाहेर जाऊ द्यायचा नाही आणि शिजवायच्या आधी दोरा सोडायचा, असा नियम झाला. आमच्याकडे, म्हणजे आमच्या सौभाग्यवती वनिताकडे, हा नियम उशिरा पोचला. पांढरा दोरा माझ्या दाढेत सापडला.

अभ्यास लिहून ठेवायला मी काकांना दुकानातून कागदांचं एक बंडल देऊ केलं. त्यांनी नको म्हटलं. "कागद आपल्या घरी राहते. ज्यानं सांगतलं त्याले वाचाले कसा भेटन?" आणि त्यांनी आपल्या घराची रस्त्याकडची भिंत चुन्याने पांढरी केली, गेरू कालवला आणि सगळ्या गावाच्या जेवणावरचे अभिप्राय दर्शनी लिहायला सुरुवात केली.

'सगुणाबाई. शिंगूर, लाल दोरा. मातीचा वास. सासूच्या मते.'

'तुळसाबाई. दाडक, पांढरा दोरा. गोड. मीठ जास्त, तलावाचा दोष नाही. नवऱ्याच्या मते.'

तुळसाबाईचा नवरा त्यानंतर काही दिवस बहिणीकडे जेवत होता.

गावात वर्तमानपत्र तीन घरी येतं, पण ही भिंत सगळे वाचायचे. सकाळी दूध घालायला जाणारे थांबायचे, शाळेच्या मास्तरीणबाई स्कूटी थांबवायच्या. ज्याला आपलं मत चुकलेलं वाटे, तो येऊन सांगे, "मी असं नोतो म्हनलो, काका." काका लगेच ओल्या फडक्याने पुसून नवं लिहीत. ज्यांच्या रश्श्याची बदनामी झाली होती, त्या बायका निरोप पाठवायला लागल्या की आज पुन्हा या, आज बरोबर झालंय. काका म्हणत, कंट्रोलर आला तर येतो.

आमची नोंद अशी होती: 'वनिता. मरळ, लाल दोरा. ठीक. सुधीरच्या मते. उत्तर अपूर्ण.' वनिताने ती वाचली आणि दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

एक नोंद तेवढी कोणालाच वाचता आली नाही. ती भाऊरावांच्या घरची होती. कंट्रोलरला पक्ष नसल्यामुळे तो तिथेही गेला होता. पण काकांनी संध्याकाळी लिहिलं आणि सकाळी लोक बघायला जमले, तर त्या जागेवर सौंदर्यीकरणाचं रंगीत पोस्टर चिकटलेलं. त्यात ते गोरं जोडपं बदामातून हसत होतं.

याच सुमारास चौकातल्या टपरीवर एक किरकोळ प्रकार झाला. उकाड्याने दूध नासलं होतं आणि टपरीवाल्याने त्याचाच चहा गाळला. आम्ही सगळ्यांनी पहिला घोट घेतला आणि बदाबदा थुंकलो. काका शांतपणे पीत राहिले. कप रिकामा करून आमच्याकडे बघून म्हणाले, "कसं लागते?"

"अहो, दूध फाटलंय, काका!"

"आंबट म्हना," काकांनी मान डोलावली.

आम्ही हसलो. इतकी वर्षं बसस्टँडवरचा चहा पचवलेला माणूस, त्याला काय होतंय, असं मी म्हणालो सुद्धा. बाजूला भाऊराव उभे होते. ते हसले नाहीत. मिशीवरून बोट फिरवत काकांकडे बघत राहिले.

ग्रामसभेचा दिवस आला. एरवी कोरम भरायला शिपायाला घरोघरी फिरावं लागतं, त्या दिवशी पटांगणात उभं राहायला जागा नव्हती. आपल्या रश्श्याचं नाव सभेत निघणार, या धास्तीने बायकाच निम्म्या आल्या होत्या. काका उठले. चिमटा वाजवला.

"गावाकडच्या काठाची मासळी मातीवानी लागते. तिथं बेशरम माजली हाये. जंगलाकडच्या काठाची अजून गोड लागते, अन बारकी मासळी बी तिथंच भेटते. म्हंजे तलाव संपला नाई. अर्धा जित्ता हाये. चारी आंगानं भिंत बांधली तं तो अर्धा बी मरन. मनून भिंत गावाकडूनच बांधा, अन तो काठ तसाच राहू द्या. बस."

लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात भाऊराव उठले आणि म्हणाले, "काकाइनं मेहनत केली. पन ज्या जिभेवर आपून एवढ्या मोठ्या कामाचा ठराव सोडून राहिलो, ते जीभ आपून कदी तपासली का?" आणि त्यांनी शिपायाकडून चहाचा कप आणवला. "घ्या, काका. चहा प्या अन सांगा."

काकांनी घोट घेतला. गिळला. आणि सवयीने शेजाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे वळून विचारलं, "कसं लागते?"

पण माझ्या हातात कप नव्हता. कोणाच्याच हातात नव्हता. काकांनी एकदा पटांगणावरून नजर फिरवली.

"चहा हाये," ते म्हणाले.

"मिठाचा हाये, काका!" भाऊराव ओरडले. "साखरेच्या जागी मीठ टाकलं म्या! या मानसाले मीठ कळत नाई, अन हा तलावाची चव सांगून राहिला!"

असा हशा मी त्या पटांगणात कधी ऐकला नव्हता. खरं सांगायचं तर मीही हसलो. मग शेजारी बघितलं आणि हसू गिळलं. काका कप हातात धरून तसेच उभे होते. चिमटा वाजवायचा सुद्धा विसरले होते.

"बराबर हाये," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या रांगा गप्प झाल्या आणि मग मागच्याही. "मले काईच लागत नाई. मीठ नाई, मिरची नाई. वास बी येत नाई. तापातून उठलो तवापासून. कौशीले तिकडंच ठेवून आलो, अन घरी येऊन पेज पेली तं नुसतं गरम पानी. डाक्टर म्हने, येईन परत. अजून आली नाई."

मला एकदम कंट्रोलर आठवला. कोणाच्या घरी मासळी शिजली हे कळायला या माणसाला नाकच नव्हतं, म्हणून त्याने बोका धरला होता. आणि आम्ही सगळे काकांना लालची म्हणत होतो.

"मंग कायले विचारत होते लोकाइले, कसं लागते, कसं लागते?" भाऊरावांचा आवाजही जरा खाली आला होता.

"गाडी बंद झाली मनून कोनी स्टॉप उखडून टाकते का गा? उद्या चालू झाली तं थांबन कुठं? तुमी सांगतलं की मले आठवते, आंबट कसं रायते ते. विसरलो असतो नाई तं." काकांनी कप खाली ठेवला. "पन भाऊराव, माह्या जिभेचा हिशोब कायले मांगून राहिला? माही भिंत वाचली ना तुनं? सासूच्या मते हाये, नवऱ्याच्या मते हाये, पारबताच्या मते हाये. डोमाजीच्या मते कुठं लिवलं दाखव. मले जे कळत नाई ते म्या लिवलंच नाई."

मग पारबताबाई उठली. तिने काकांनी ठेवलेला कप उचलला, उरलेला चहा तोंडात घेतला आणि भाऊरावांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर थुंकली.

"खारट! माही जीभ शाबूत हाये. आता इचार मले, कोनत्या काठाची मासळी कशी लागते."

तिच्यामागून सगुणाबाईची सासू उठली, मग तुळसाबाई आणि तिच्याआड लपलेला तिचा नवरा. प्रत्येक जण आपापलं सांगायला लागला. इतक्या गोंगाटात कोणाचंच धड ऐकू येईना. शेवटी बायकांमधून शोभाबाई उभ्या राहिल्या. शोभाबाई म्हणजे भाऊरावांच्या पत्नी. त्या सभेत कधी बोलत नाहीत, म्हणून सगळे चटकन गप्प झाले.

"त्या पोस्टराच्या खाली काय लिवलं हाये ते सांगू का?" त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. "पांढऱ्या दोऱ्याचा दाडक होता. दोन डाव मांगून खाल्ला. अन म्हनले, शोभे, मायच्या हातावानी लागते. काकाइनं तेच लिवलं. भाऊरावच्या मते."

भाऊराव आईवेडे. ती गेल्यावर महिनाभर ते पंचायतीत आले नव्हते, हे गावाला माहीत होतं. ते खाली बघत राहिले. मग खुर्चीवर बसले आणि ग्रामसेवकांना म्हणाले, "लिवा. जंगलाकडचा काठ सोडून."

ठराव असा झाला. भिंत गावाकडूनच झाली, तीही बेशरम समूळ उपटल्यावर. उपटायला सगळं गाव उतरलं होतं. मीही उतरलो होतो, माझी एक चप्पल अजून तिथल्या चिखलात आहे. पारबताबाईने मोहल्ल्यातल्या बायका घेऊन जंगलाकडच्या काठातल्या पाणवनस्पती मुळासकट आणल्या आणि गावाकडच्या चिखलात भाताच्या रोवणीसारख्या रोवल्या. कुठे काय लावायचं ते तीच सांगायची आणि भाऊराव टोपल्या उचलायचे. कारंजं ठरावाआधीच येऊन पडलं होतं. ते आता पंचायतीसमोर बसवलंय आणि त्यात बकऱ्या पाणी पितात. बदाम कुठे गेला माहीत नाही.

काकांची चव काही आली नाही. पण गावाला एक सवय लागली. आता काका दिसले की लोक न विचारता सांगतात. टपरीवाला कप देतानाच म्हणतो, "आज अद्रक जास्त हाये, काका." दवाखान्यातला कंपाउंडर गोळी हातावर ठेवताना सांगतो की ही कडू आहे. तुळसाबाई तर घराबाहेर येऊन ओरडते, "मीठ बराबर हाये!" मग ती नवऱ्याकडे बघते आणि तोही ओरडतो, "बराबर हाये!"

यंदा दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरली. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीहून मोठा सण. गावोगावचे पाहुणे येतात, आणि घरोघर मासळी शिजते. त्या दिवशी कंट्रोलर सकाळपासून गोंधळलेला होता. प्रत्येक दारातून वास येत असल्यामुळे तो चौकात मधोमध बसून नुसता ओरडत होता. म्हणून मीच जाऊन काकांना घेऊन आलो.

वनिताने दाडक केला होता, अंबाडीची भाजी घालून. ही पद्धत कौशीकाकूंची. वनिता लग्न होऊन आली तेव्हा तिला मासळी साफ करता येत नव्हती. भिंतीपलीकडून काकूंनी तिला सगळं शिकवलं. काकू गेल्यापासून तिने ती भाजी एकदाही केली नव्हती. आज का केली, ते तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

काका पानावर बसले. पहिला घास घेतला, चावला, थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत वनिता म्हणाली, "काकूच्या हातावानी झालं, काका."

काकांचा हात पानावरच राहिला. "कोनाच्या मते?"

"माह्या मते."

"तुले माही कीव येऊन राहिली, बाई, मनून बोलून राहिली तू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुधीर, तू सांग. पुरं सांग."

मी घास घेतला. नीट चावला. एवढं लक्ष देऊन मी आयुष्यात जेवलो नव्हतो. "आधी अंबाडी येते, काका. आंबट, पण दात आंबत नाहीत. मग मासळी, गोडसर. माती अजिबात नाही. तिखट शेवटी येतं, घशात."

"अन मीठ?"

मी आणखी एक घास घेतला. वनिताला वाईट वाटेल असं वाटलं, पण पुरं सांगायचं होतं. "मीठ जरा कमी आहे."

काका पानाकडे बघत बसले. बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

"कमीच टाकायची थे," ते म्हणाले. "मले बीपी हाये मनून. स्वतः बी तसंच अळणी खायची. म्या कितीक डाव म्हनलं, कौशे, तू तं वरून घे." त्यांनी नाक ओढलं आणि वाटी पुढे केली. "वाढ, बाई."

वनिताने वाढलं. काकांनी मुकाट्याने सगळं संपवलं. कसं लागतं ते मग एकदाही विचारलं नाही. उठताना चिमटा चौकटीवर टिक-टिक वाजवला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला निघालो, तर काकांच्या भिंतीसमोर दूधवाला आणि मास्तरीणबाई उभे होते. पोस्टर मागेच पावसात गळून पडलं होतं. त्या रिकाम्या जागेच्या बाजूला गेरू अजून ओला होता.

'वनिता. दाडक, अंबाडी घालून. मीठ थोडं कमी. बराबर. डोमाजीच्या मते.'